दोनशे बारावी ओळ

...आणि वर मलाच सांगतं, "ओळ दोनशे बारा, इथे चूक आहे"! अहो, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी वेबसाइटी बनवतोय, डोळ्यांच्या दवाखान्याची अपॉइंटमेंटची अख्खी साइट माझ्या एकट्याच्या हातची, रोज दोनशे पेशंट तिच्यावरून येतात-जातात, आणि हे परवा आलेलं टूल, कोड चालवून न बघता, नुसता वाचून, मला चुका दाखवणार? चालतंय ना? मग झालं!

हे खूळ आणलं आमच्या ऑफिसातल्या, माझं काम तपासणाऱ्या टेस्टरबाईंनी. आवाज असा, की लिफ्टमधली बाईसुद्धा जास्त मायेनं बोलते! "सर, हे टूल एवढंच बघतं, की फंक्शन, म्हणजे कोडचा एकेक तुकडा, जे देईन म्हणालंय तेच देतं का. तुमच्या 'भेट' भागातलं, दोनशे बाराव्या ओळीतलं हे फंक्शन म्हणतं, मी पुढची तारीख देईन. पण डॉक्टर रजेवर असले तर तारीख देतच नाही, नुसतं 'नाही' देतं. आणि पुढचा कोड त्या 'नाही'लाच विचारतो, बाबा रे, तुझा वार कुठला? मग?"

मग काय मग! मी तिथे आधीच लिहून ठेवलं होतं, काही गडबड झाली तर गप्प बस, बोंबलू नकोस. आणि डॉक्टर रजेवर जाऊन जाऊन जाणार किती? वर्षातून एकदा! चालतंय ना? मग झालं!

एकूण चुका किती निघाल्या, सांगू? अठराशे शेहेचाळीस! माझं तोंड बघा... पण त्या टूलमध्येच एक सोय असते हो, जुन्या चुका सगळ्या एका फाइलीत कोंबायच्या आणि सांगायचं, यांच्याकडे काणाडोळा कर. कोंबल्या! स्क्रीन हिरवीगार! टेस्टरबाई दारातून म्हणतायत, "सर, निदान ती दोनशे बारावी तरी..." मी म्हटलं, "बाई, चालतंय ना?"

घरी येऊन बाबांना हे हसत हसत सांगितलं. आमचे बाबा म्हणजे छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचणार! ते काही हसले नाहीत. म्हणाले, "न चालवता, नुसतं वाचून चूक काढतं? मग मी जन्मभर दुसरं काय केलं रे?"

वर्षभरात बाबांना काचबिंदू निघाला. डावा डोळा आधीच अधू, आता उजवा. ऑपरेशन कुठे? आपल्याच दवाखान्यात! बाबांनी रिसेप्शनवरच्या बाईंना तीनदा सांगितलं, "ही साइट आमच्या मुलानं केलीय बरं का." ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवड्यांनी डोळ्यातला दाब तपासायचा, विसरू नका, साइटवरून तारखेचा मेसेज येईलच."

आणि नेमक्या त्या सहाव्या आठवड्यात डॉक्टर रजेवर!

फंक्शननं 'नाही' दिलं. पुढचा कोड अडखळला. अडखळून बोंबलला का? छे! मीच सांगितलं होतं ना, गप्प बस... बसला. आज्ञाधारक!

आई रोज म्हणायची, "अहो, एक फोन करून विचारा की!" आणि बाबा काय म्हणायचे, ठाऊक आहे? "कशाला उगीच? पोरानं केलेली साइट आहे. येईल मेसेज." चार महिने! चार महिने हा माणूस उशाशी मोबाइल ठेवून बसलाय, आणि मी त्याच घरात, त्याच टेबलावर जेवतोय, आणि मला विचारावंसं वाटू नये, बाबा, तपासणी झाली का? विचारायचं कशाला... साइट चालतेय ना? मग झालं!

काचबिंदू दुखत नाही हो. कडेकडेनं नजर कुरतडत येतो. एकदा जेवताना बाबा पाण्याचा पेला चाचपडायला लागले, पेला हाताशीच होता. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस आला का नाहीत? गेलेली नजर परत येत नाही." बाबा म्हणाले, "मेसेज आला नव्हता." आणि मी शेजारी उभा... बाबांची फाइल हातात.

ऑफिसात जाऊन बाबांच्या अपॉइंटमेंटच्या नोंदी उघडल्या. दोनशे बारा. टेस्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी म्हटलं होतं" एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत हो! म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "चूक आधी कळली होती?"

"हो."

"म्हणजे कुणीतरी खूण केली होती."

"हो, बाबा."

"आणि ती खूण तू पुसलीस?"

मी म्हटलं, "पुसली." बाबा म्हणाले, "नजरेतून सुटलेली चूक मी कुणालाही माफ केली. पण खूण केलेली..." पुढचं बोललेच नाहीत. बोलायला हवं होतं! ओरडायला हवं होतं! दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "ती चुकांची यादी आण. वाच."

आता रोज संध्याकाळी मी चूक वाचतो, दुरुस्त करतो, आणि बाबा डोळे मिटून म्हणतात, "पुढची." दवाखान्याला खरं काय ते कळवलं, आणखी अकरा पेशंटांचे मेसेज अडकले होते, त्यांना मी स्वतः फोन केले. आठ महिने लागले. काल यादी संपली. काणाडोळ्याची फाइल काढून टाकली, टूल चालवलं, आणि टूल म्हणालं, एकही चूक नाही! धावत जाऊन सांगितलं, "बाबा, एकही चूक नाही!"

बाबा म्हणाले, "एकही नाही म्हणणाऱ्यावर मी छत्तीस वर्षांत विश्वास ठेवला नाही. पहिल्या ओळीपासून वाच."

...काय करता? बसलोय वाचत.