वाकड्या शिंगाचं निशाण

मंडळी, एक सांगा — देशाची ओळख कशावरून ठरावी? दातांवरून? मग पहिल्या रांगेतल्या आजोबांना कुठलाच देश ठेवून घेणार नाही! बरं, ऐका.

एक राजा होता. निशाणावर वाघ. वाघाचा रंग उडाला, तशी राजानं दवंडी पिटली — नवा प्राणी सुचवा. प्रधान म्हणाले, सिंह. सेनापतींना गेंडा हवा होता; का, ते त्यांच्याकडे पाहिलं की कळे. मग मागून उठली कोंडाबाई. तिचा एकुलता एक लेक येसाजी सीमेवरच्या गडावर शिपाई. गेला तो गेलाच. वाटेकडे बघून तिचे डोळे थकले.

"महाराज, म्हस घ्या," ती म्हणाली.

दरबार हसला. राजानं कारण विचारलं.

"वाघ थोर खरा. पण वाढला की आईचं रान सोडतो, परत फिरकत न्हाई. म्हस दिस मावळला की आपल्या खुंट्यावर येती."

बघू तर, म्हणून राजानं तिचीच म्हैस आणवली. एक शिंग वाकडं. पाठीवर जरीची झूल, चांदीचा खुंटा, रेशमी दोर! प्रधानांनी मानपत्र वाचलं, तिनं ते खाल्लं — मानपत्राचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही. ऊन कललं, आणि दोर तुटला. पुढे म्हैस, मागे प्रधान, त्यामागे चिखलात जोडा हरवलेला राजा, आणि सगळ्यांमागे कोंडाबाई. म्हैस थांबली ती थेट कोंडाबाईच्या गोठ्यात.

घराचं दार सताड उघडं. चुलीपाशी एक ताट झाकलेलं.

"हे कुणाचं?" राजानं विचारलं.

"येसाजीचं. रोज वाढती. सकाळी हिला घालती."

राजा उंबऱ्यावरच बसला. जुन्या महालात त्याचीही आई होती. शेवटचा कधी गेलो, ते त्याला आठवेना.

निशाण बदललं. गडावर चढलं तेव्हा शत्रू पोट धरून हसला, गडकरीही मिशीत हसले. येसाजी हसला नाही. ते वाकडं शिंग त्यानं लहानपणी धरलेलं होतं. शेजारच्या शिपायाला त्यानं एवढंच विचारलं, "दिस किती राहिलाय रं?"

पोचला का तो? मंडळी, येसाजीची काळजी कोंडाबाई करील. तिचं दार उघडंच आहे. तुमचं काय? बुक्का लावून घ्या आणि घरी जा — पण ज्या घरी ताट झाकून ठेवलंय, त्या घरी. वाट विसरला असाल, तर म्हशीला विचारा.