हात पुढं करू नका

...सुजला का न्हाई? अहो बघा ना, उजेडात धरून बघा! तळहात हाय का पुरणपोळी? आन्‌ कुणामुळं? सख्ख्या मावशीमुळं! तुम्हाला सांगतो, आमच्या नंदामावशीसमोर भांडा, रडा, उलटे लटका, पण हात पुढं करू नका. हात पुढं आला, की ठप्प!

तिची बी चूक न्हाई म्हणा. ती ऑपरेशन थिएटरची नर्स, सगळी नोकरी अंबडला कमरोद्दीन सरांकडं काढली. सरांनी एकदा हातमोजे चढवले की तोंड बंद! मान खाली, हात बाजूला. त्या हाताचा आकार बघून मावशीनं वळखायचं, कात्री पायजे का चिमटा, आन्‌ ठप्पकन तळहातात बसवायचं, म्हंजे सरांना मान वर करायचं कामच न्हाई. शेवटचा टाका पडला की सर एकच शब्द बोलायचे, "शाबाश." एवढ्यावर बाई खूश!

मंग सर झाले रिटायर, दवाखाना बंद, आन्‌ मावशी आली जालन्याला आमच्या घरी. इथं नव्या दवाखान्यात लागली. तिथले सोमेश्वर सर तरणे, मोकळे, पहिल्याच दिवशी "या या सिस्टर!" करून शेकहॅंडला हात पुढं केला... ठप्प! टेबलावरचा स्टेपलर! सर हसले बिचारे. तेव्हा हसले!

कारण सरांची गंमत काय, हातवारे केल्याशिवाय त्यांना बोलता येत न्हाई, आन्‌ बोलल्याशिवाय ऑपरेशन करता येत न्हाई! टेबलावर शहागडचे रखमाजी. हर्निया, दोन्ही बाजूला, त्या दिवशी डावी. कमरेखाली सुन्न, कमरेवर टक्क जागे, मधी पडदा. सर गोष्ट सांगून राह्यले, "रखमाजी, आमच्या मामाची म्हैस होती... एवढी थोराड!" दोन्ही हात बाजूला... ठप्प! ठप्प! दोन हातांत दोन चिमटे.

"अहो सिस्टर, मागितलं का मी?"

"हात आला ना सर."

"बरं. तर तिची शिंगं..." म्हणून सरांनी हात वर केले, चिमट्यांसकट! पडद्यापलीकडून रखमाजी म्हणतात, "शिंगं बराबर दिसून राह्यली साहेब, म्हैस कुठाय?"

झालं! बाहेर आल्यावर सर म्हणले, "सिस्टर, हात चांगलाय तुमचा, पण मला बोलू द्या की! बुधवारी उजवी बाजू हाय. तेव्हा बी असंच झालं, तर तुम्हाला केसपेपरच्या खिडकीत बसवतो."

मावशी घरी आली ती जेवलीच न्हाई. "केसपेपर, आदिनाथ! 'नाव सांगा, वय सांगा, पुढं सरका' म्हणायला का मी जन्मभर हात घासून धुतले रे? थिएटर सुटलं तर मी जगू कशी?" डोळ्याला धार! मला लई कसंतरी झालं. रडणाऱ्या माणसाला धीर द्यायला आपण काय करतो? हात पुढं करतो.

ठप्प! लाटणं!

तिथंच मी ठरवलं, हिची सवय मोडायची. म्हणलं, मावशे, हात पुढं आला की काय द्यायचं न्हाई, नुसता शेकहॅंड करायचा. मंग काय, रोज सकाळ-संध्याकाळ मी हात पुढं करून राह्यलो आन्‌ ती... ठप्प! पळी. ठप्प! रिमोट. ठप्प! ओला साबण. स्कूटीवर मागं बसवून बाजारात नेलं, तर चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात केला, मावशीनं कोथिंबिरीची जुडी ठेवली त्याच्या हातात. त्यानं बी धरली! पण बिलकुल हार मानली न्हाई मी. मंगळवारपर्यंत बाई अशी तयार झाली, की पाणीपुरीवाल्यानं पुरी पुढं केली तर त्याच्याशी शेकहॅंड!

उजाडला बुधवार. आन्‌ सरांनी बी घरी काय विचार केल्ता देव जाणे, ते गप! रखमाजी विचारतात, "साहेब, म्हशीचं पुढं काय झालं?" सर चूप. मान खाली. आन्‌ न बोलता हात बाजूला केला... हुबेहूब कमरोद्दीन सर! मावशी सांगत होती, "मला कळलं रे, कात्री पायजे. नुसत्या बोटांवरून कळलं. ऊर भरून आला." ऊर भरला, कात्री समोर, आन्‌ बाईनं काय केलं?

शेकहॅंड! हातमोज्यात हातमोजा, वर-खाली, वर-खाली, वरून "थँक्यू सर!"

तेवढ्यात पडद्यामागून रखमाजी, "झालं व्हय? अभिनंदन साहेब!"

सरांचे खांदेच हलायला लागले हो! हात छातीशी धरून एवढे हसले, एवढे हसले, की मावशीला वाटलं गेली नोकरी. शेवटी श्वास घेऊन म्हणतात, "सिस्टर, आधीचंच बरं होतं. मी बोलत जातो, तुम्ही देत जा. नको असल ते परत करीन. खिडकी-बिडकी काय न्हाई, हितंच उभ्या राहा. द्या ती कात्री!"

ठप्प!

मावशी खूश, सर खूश, रखमाजीला म्हशीची गोष्ट पुरी ऐकायला भेटली. आन्‌ मी? घरात आता कशाचा भरवसा न्हाई! भाकरीला हात पुढं केला, की एक तर उलथनं न्हाई तर अभिनंदन. म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून जेवायला बसतो, आन्‌ चोवीस वर्षांच्या घोड्याला आई भरवती. काल तिनं घास केला, माझ्या तोंडाकडं हात पुढं केला... मधी मावशी बसल्ती.

कालपासून उपाशी हाय मी!