फळीवरची भुकटी

सून: आधी बूट काढा बाबा, पाणी प्या, मग सांगा. कुठे होतात? दीड तास मी या खिडकीतून त्या खिडकीत करतेय.

बाबा: दुकानात.

सून: कुठल्या?

बाबा: त्याच. मागच्या आठवड्यात माझी लाज गेली, त्याच.

सून: एकटे? आणि मला न सांगता?

बाबा: सांगितलं असतं तर तू सोबत आली असतीस. तू सोबत असलीस की मी नुसता गाडी ढकलणारा.

सून: तुमचा मुलगा परवाच म्हणालाय ना, या परक्या गावात एकट्यानं बाहेर पडायचं नाही?

बाबा: म्हणूनच पडलो. आज तो माझ्या परतीच्या तिकिटाचं एजंटाला कळवणार. सोमवारी तुझी रजा संपते, मग तुम्ही दोघं कामावर आणि म्हातारा आठ तास घरात. साधं पीठ आणता येत नाही, त्याला इथे ठेवायचा कशाला? असंच म्हणाला ना?

सून: इतकं वाईट नाही म्हणाला.

बाबा: शब्द चांगले होते, अर्थ हाच होता. सूनबाई, चाळीस वर्षं किराणा विकला मी. परत जायचं मला भय नाही. पण पीठ ओळखता आलं नाही म्हणून परत पाठवला, हे बहिणीला कुठल्या तोंडानं सांगू? ती गावभर करेल.

सून: पण बाबा, ती खळ होती! भिंतीला कागद चिकटवायची. तुम्ही तिची कणीक मळलीत. पोळपाट-लाटणं अजून एकमेकांना सोडायला तयार नाहीत.

बाबा: पाकिटावर गव्हाची ओंबी होती.

सून: ओंबी होती आणि शेजारी ब्रश होता.

बाबा: मला वाटलं, पोळीला तूप लावायचा.

सून: अहो बाबा...

बाबा: हस, हस. माझ्या दुकानात सगळा माल पोत्यात, उघडा. हात घातला की कळायचं. इथे सगळं बंद पाकिटात आणि वर ती मुंग्यांसारखी अक्षरं. पाकीट फोडता येत नाही. मग न फोडता कसं ओळखायचं? तीन दिवस गॅलरीत बसून हाच विचार केला.

सून: आणि मी समजत होते, तुम्हाला घरची आठवण येतेय. म्हणून रोज खीर करत होते!

बाबा: खीर चांगली होती, मी कशाला बोलतोय? तर ऐक. दुकान कुठलंही असो, एखाद्या पाकिटाचा कोपरा गळतोच. फळीवर भुकटी सांडते. झाडणारा वरवर झाडतो, मागे तशीच राहते.

सून: बरं मग?

बाबा: मग काय, पाकीट बाजूला सरकवायचं, मागून बोट फिरवायचं आणि चिमटीत चोळायचं. रवा टोचतो. मैदा घसरतो. कणकेत कोंड्याची बारीक खरखर लागते.

सून: भर दुकानात? फळीवरून बोट?

बाबा: चाखूनही पाहिलं.

सून: खळीचा अनुभव असताना!

बाबा: आणि जिथे भुकटी नव्हती, तिथे पाकीट कानाशी धरून हलवलं. साखर सळसळते. मसूर वाजतो. मीठ धड बोलत नाही, पुटपुटतं.

सून: कुणी पाहिलं नाही ना?

बाबा: पाहिलं की. दुकानाचा हिरवा डगला घातलेली एक बाई, कमरेवर हात ठेवून उभी. काहीतरी विचारलंन. मी आपली मान डोलावली, हो म्हणून. तिला ते ‘नाही’ असं वाटलं असणार. आवाज चढला. आत गेली आणि साहेबाला घेऊन आली. हा एवढा आडवा साहेब.

सून: अरे देवा. पोलीस नाही ना बोलावले?

बाबा: तुला पुढचं ऐकायचंय की घाबरायचंय? साहेब आला तेव्हा माझ्या हातात कणकेचं पाकीट होतं. हलवलं, तर आतला माल हलेना. नुसता गोळा इकडून तिकडे लोंबला.

सून: म्हणजे?

बाबा: जाळी! आत अळी पडली की पिठाला जाळी धरते, सगळं धाग्याधाग्यानं बांधलं जातं. मी ते पाकीट साहेबाच्या कानाशी नेलं आणि हलवलं. मग शेजारचं चांगलं नेलं, तेही हलवलं.

सून: त्यानं नेऊ दिलं?

बाबा: म्हाताऱ्याला काय ढकलून देणार? फरक त्याच्याही कानाला कळला, चेहऱ्यावर दिसलं. मग मी दोन बोटांची कात्री करून दाखवली. त्यानं खिशातून चाकू काढला, पाकिटाला चीर दिली. अशी पांढरी, गुबगुबीत अळी बाहेर आली! हिरव्या डगल्यानं तीन पावलं मागे उडी मारली.

सून: आणि साहेब?

बाबा: त्यानं पाकिटं माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. एकेक. मी हलवायची, चांगलं उजवीकडे, जाळीचं डावीकडे. अकरा निघाली डावीकडे. गिऱ्हाइकं गाड्या थांबवून बघत होती, सूनबाई. शेवटी ती बाई माझ्याबरोबर सगळ्या रांगेतून फिरली. मी बोट ठेवायचं, तिनं इथल्या भाषेतलं नाव सांगायचं. हे बघ, मनगटावर लिहून आणलंय. आपल्या अक्षरात.

सून: पीठ, रवा, मीठ... बाबा, हे उच्चार बरोबर आहेत! मला इथे येऊन चार वर्षं झाली, मला मसुराला काय म्हणतात ते अजून येत नाही.

बाबा: तिलाही मी एक शब्द दिला. मी निघेपर्यंत पुटपुटत होती, जाळी, जाळी.

(मुलगा दार उघडून आत येतो.)

मुलगा: एजंटाचे दोन फोन येऊन गेले. सहाच्या आत कन्फर्म करायचंय. ही पिशवी कुणाची?

बाबा: माझी.

मुलगा: तुम्ही पुन्हा एकटे गेलात?

सून: अरे, आधी ऐकून तर घे काय झालं ते.

मुलगा: काय ऐकायचंय? रस्ता चुकला असता तर? कुणाला विचारायची भाषा नाही, खिशात पत्ता नाही. बाबा, मी ऑफिसात बसून फोनकडे बघत राहायचं का दिवसभर?

बाबा: रस्ता चुकलो नाही.

मुलगा: आज नाही चुकलात. आणि आणलंय काय? कशावरून बरोबर आणलंय?

बाबा: तुला वाचता येतं ना? वाच.

मुलगा: वाचता मला येतं, तुम्हाला नाही. ओंबी बघून आणलेलं असेल.

बाबा: बरं. मी डोळे मिटतो. तू एकेक पाकीट हलव. पिशवीतलं, कपाटातलं, तुला हवं ते.

मुलगा: बाबा, हा काय पोरखेळ...

सून: हलव ना. सहा वाजायला अजून वीस मिनिटं आहेत.

मुलगा: हं. हे?

बाबा: रवा. जाडा.

मुलगा: हे?

बाबा: मसूर. आख्खा नाही, डाळ.

मुलगा: आणि हे?

बाबा: मीठ. पण हे आज आणलेलं नाही, तुमच्या कपाटातलं आहे. ओल धरलीय त्यानं. गॅसपासून लांब ठेवा.

सून: खरंच की! कालच खडे झाले होते.

मुलगा: थांब, तू मध्ये बोलू नकोस. बाबा, हे? नीट ऐका.

बाबा: दोनदा कशाला हलवतोस? खळ आहे ती. उरलेली. एकदा फसलो, रोज नाही फसणार.

सून: आता बोल.

मुलगा: ...हे तुम्ही दुकानात केलंत? सगळ्यांसमोर?

बाबा: साहेबासमोर. अकरा पाकिटं काढून दिली त्याला.

सून: तुझा फोन वाजतोय. एजंट असेल.

मुलगा: हॅलो. हो, बोलतोय. नाही, कन्फर्म नाही करायचं. रद्दच करा. नको, पुढची तारीखही नको. हो, विचार करूनच सांगतोय. ठीक आहे.

सून: चहा टाकते मी.

मुलगा: बाबा, एक पत्ता लिहून देतो, तो खिशात ठेवायचा. त्यावर वाद नको.

बाबा: ठेवीन.

मुलगा: आणि सोमवारी जाल तेव्हा माझ्यासाठी शेंगदाणे बघा. इथले मला कधी चांगले मिळत नाहीत.

बाबा: किती देऊ?