रुचिरचे लावे

—आणि पंखा जरा कुरकुरतो, बाकी रूम छान आहे, क्लेमेंटी एमआरटी स्टेशन सात मिनिटं, लॅबची बस तर खालूनच. बैस ना, मैत्रेयी. नको? बरं, मीही उभीच बरी, हल्ली एका जागी बसवतच नाही मला. तर सरांनी तुला पहिलं काम काय दिलंय म्हणालीस? लाव्यांचे डीएनएचे जुने नमुने? परत करून बघ म्हणाले? हो, हात बसावा म्हणून नवीन माणसाला देतातच— पण तेच कशाला गं? माझे आहेत ते!

अगं, तुरेवाल्या लाव्यांच्या जाती चार, आपल्या कामाच्या दोनच. दोघांच्या डोक्यावर तोच काळा तुरा, पुढे झुकलेला— फरक पोटाला. कॅलिफोर्नियावाल्याच्या पोटावर खवले, वाळवंटातल्या गॅम्बेलच्या पोटावर काळा डाग. जिथे दोघांचे मुलूख भेटतात तिथे दोघांचा संकर होतो, सरमिसळ होते, त्यात नवीन काही नाही. पण माझ्या पेपरात ती सरमिसळ पार आत वाळवंटात पोचली! केवढं कौतुक झालं माझं! त्यावर कॉन्ट्रॅक्ट वाढलं, इथे राहायचा पास वाढला— कपाट बघतेस? ते हँगर रुचिरचे, काढून टाकते. त्याचीच रूम ही, आपल्याच लॅबमध्ये होता तो. त्याने तेच पक्षी नव्याने तपासले, तर सरमिसळ नाहीच. सर त्यालाच म्हणाले, तुझ्या हाताला शिस्त नाही. झालं, पास संपला, गेला बिचारा सांगलीला.

छे, त्याची कसली चूक! नमुन्यांची शहाण्णव खळग्यांची प्लेट असते ना, ती माझ्या पेपराच्या वेळी मीच मशीनमध्ये उलट्या बाजूने ठेवली होती. पहिला पक्षी शेवटचा झाला, शेवटचा पहिला, सीमेवरच्यांचे निकाल वाळवंटातल्यांच्या नावावर गेले— एवढंच! मुद्दाम नाही गं केलं, शपथ. आणि कळलं तेव्हा पेपर छापून झाला होता, रुचिरही गेला होता— नाही. खोटं कशाला बोलू? तो जायच्या आठ दिवस आधी कळलं मला. फोनमधले कामाचे फोटो चाळत होते, तर प्लेटचा कापलेला कोपरा भलत्याच बाजूला. आणि तरी मी काय केलं? त्याला बॅगा भरायला मदत केली. जाताना म्हणतो कसा, ‘वल्लरीताई, माझा कुकर ठेव तुला, तुझा गळतो.’

असं नको ना बघूस माझ्याकडे! सरांना सांगितलं तर मलाही गाशा गुंडाळावा लागेल, कळतंय का? तू फक्त ते नमुने सोड, मी तुला दुसरे काढून देते, रूमही तुझीच समज— अगं, कुठे निघालीस? चप्पल काय घालतेस? थांब. बरं, नको थांबूस. कर सोमवारी सुरू, मी अडवत नाही. त्याआधी सरांना सांगेन मी. नाही— आधी रुचिरला. आत्ताच. जा गं तू. तुझ्यासमोर नाही बोलता येणार मला त्याच्याशी.