ताट येगळं केलं, पर…

मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पल्याडच्या वस्तीवरची, मेंढरामागं वाढलेली, लगीन बी तिथंच झालं. मालक मुंबईला हमाली करत्यात, म्हणून द्राक्षाच्या सुगीला मी, माजं सासरं आन लेक राणी, आमी तिघं तासगावला बेदाण्याच्या शेडवर ऱ्हायाला येतो. मी बेदाणा निवडते, मामंजी पोरगी सांभाळायचं.

तीन वर्सामागची गोष्ट, तवा राणी दोन वर्साची. मामंजींचा खोकला जाईना, दवाखान्यात नेलं तर टीबी निघाली. गोळ्या फुकाट मिळाल्या, डाक्टरसायेब म्हणालं, सा म्हैनं चुकवू नगा. आमी लय शानी माणसं, त्याच दिशी त्यांचं ताट येगळं केलं, तांब्या येगळा केला. आन पोरगी? ती त्यांच्याच वाकळंत निजायची. पत्र्याची एकच खोली, दार लावल्यालं. काय सांगू तुमाला, टीबी ताटातनं न्हाई, खोकल्याच्या वाऱ्यातनं येती, हे कुणी सांगितलंच न्हाई. घरात ल्हान पोर हाय का, एवढं बी कुणी इचारलं न्हाई. रेशनला माणसं सतरांदा मोजत्यात, हितं एकदा मोजाय काय झालं हुतं?

मग राणीला बारीक ताप यायला लागला, खाईना, वाळत चालली. मी तासगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला म्हणाले, आवं बाई, म्हाताऱ्याला टीबी हाय, पोरीला बगा. ती म्हणाली, दंडावर जल्मल्यावर टोचत्यात त्या टीबीच्या सुईचा वण हाय की, हिला कशी हुईल, आन तुमचं नाव माणात हाय, तिकडं जावा. माणात गेले तर तिथल्या दवाखान्यातलं म्हणालं, तुमी तर तासगावला असता. टाळकंच फिरलं माजं. नाव कुटं बी असू दे, पोरगी तर माज्या काखंत हुती ना?

पंधरा दिसांनी तिला झटकं आलं. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीबी मेंदूत गेली, सुईचा आधार असतोय, हमी नसती, म्हाताऱ्याची कळली तवाच हिला तपासून औषद द्याचं असतंय, बहुतेक टळलं असतं. टळलं असतं, हे अजून काळजात सलतंय माज्या.

आता राणी पाच वर्साची. जगली, पर उजवा पाय वढती. शेडवर कोण खोकलं की मी हातातलं टाकून इचारते, घरात ल्हान पोर हाय का. बाया म्हणत्यात हिला याड लागलंय. लागू दे. तुमी लिवताय तर एवढं लिवा, तुमच्या लेकरांना औक्ष मिळू दे.

मामंजी खडखडीत बरं झाल्यात, पर पोरीला मांडीवर घेत न्हाईत, ती लंगडत जवळ गेली की हात मागं घेत्यात. राणी रोज इचारती, आये, आजा मला का घेत न्हाई? मी काय सांगू? ज्यांनी तवा इचारलं न्हाई, त्यांनी येऊन सांगावं तिला.