म्हणा साहेब, न्हाय

मी निपाणीची. आई विड्या वळायची, आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, बेळगावात, ते बी पहिल्या वर्गात पास झाले, हे आधी लिहून घ्या. आणि काय सांगू तुम्हाला, मी बोलते तसंच लिहा, न्हायचं नाही करू नका, कारण सगळं भांडण त्याच शब्दाचं हाय.

पदवी झाल्यावर पुण्यात नोकरी लागली. कंपनीच्या साहेबानं फोनवर बोलणारं यंत्र काढलं होतं. शेतकऱ्याला विचारायचं, पाणी दिलं का, औषध मारलं का, आणि तो होय म्हणतोय की नाही ते ऐकून पुढचा सल्ला द्यायचा. ते प्रश्न माझ्या आवाजात होते. मी बैठकीत म्हटलं, साहेब, आमच्याकडं माणसं न्हाय म्हणत्यात, यंत्राला ते कळंना झालंय. झालं. त्यानं मला सगळ्यांपुढं उभी केली, म्हणाला, यंत्र बिघडलेलं नाही, तुझी जीभ बिघडलीय, म्हण नाही. म्हटलं. परत म्हण. परत म्हटलं, तोंडातनं न्हायच आलं. माणसं हसून लोळायची बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरीचा आवाज.

पुढं ते यंत्र गावोगाव चाललं, साहेब लई मोठा झाला, आता त्याच्यावर पिच्चर आलाय. मी मुद्दाम आईला घेऊन गेलते, म्हटलं बघू ह्याचं थोबाड पडद्यावर कसं फुटतंय. कुठलं काय. वरडतोय, माणसं हाकलतोय, बायकोला रडवतोय, सगळं दाखवलंय, पण मागं असलं झकास संगीत लावलंय की पोरं शिट्ट्या मारत्यात, काय गडी हाय म्हणत्यात. आणि मधीच ती बैठक आली. माझ्या जागी एक नटी, तेलानं चपचपीत दोन वेण्या, आणि म्हणती, नाय जी, नाय जी. सगळं थेटर हसलं. आई बी हसली. मी म्हटलं, आई, ती मी हाय. आईनं तोंडाला पदर लावला. पदराआडनंच म्हणाली, मग ती नाय का म्हणती गं? आपल्यात तसं कोण म्हणतंय?

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतःच बेळगावला आला, पिच्चरच्या जाहिरातीला. त्याच्या हापिसातल्या पोरीचा फोन, मॅडम, पिच्चरमधल्या खऱ्या तुम्हीच, स्टेजवर याल का? व्हय की, म्हटलं. इस्त्रीची साडी नेसून गेले. त्यानं खांद्यावर हात ठेवला, माईकमधनं म्हणाला, हिचं ते नाय मी अजून विसरलेलो नाही. मी माईक घेतला. साहेब, नाय न्हवं, न्हाय. म्हणा. तो हसत म्हणाला, नाय. सगळा हॉल आमच्याच माणसांचा, मागनं एक अण्णा वरडला, मधी ह घाल की रं! परत म्हणा साहेब. न-हाय. परत. हॉल हसून हसून बेजार, सगळ्यांचे फोन वर. त्याचे दात दिसत होते, पण कान लालभडक झालते. संयोजक माईक मागायला आला, मी दिला न्हाय. परत म्हणा, साहेब.

घरी आल्यावर आई म्हणाली, पुरं करायचं होतंस गं, एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, मोठा हाय म्हणूनच की.

आता मी बेळगावातच अनगोळला राहते, शाळेत शिकवते, बरं चाललंय. आई अजून म्हणती, मनातनं काढ, त्याचं चांगलं चिंत. चिंतते की. देव त्याला उदंड आयुष्य देऊ दे, त्याच्या पोराचं थाटात लगीन होऊ दे, आणि सून आमच्याकडची मिळू दे, लई बोलणारी.