टाकीत सव्वापट पाणी

मंडळी, गोरखीपासून किला गेटपर्यंतची सगळ्या शहरातली माणसं आज नानांच्या शोकसभेला जमलीत. मला भाषण येत नाही.

नाना आमच्या बांधकाम खात्याचे ओव्हरसियर. मी त्यांच्या हाताखाली मापं घेणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी मिठाईचा गोल डबा पुढे ठेवला. "दत्तू, पत्रा किती लागला सांग. आता आत पाणी किती मावेल ते सांग." पहिलं जमलं, दुसरं चुकलं. नाना म्हणाले, "पृष्ठफळ डोळ्याला दिसतं रे. घनफळ दिसत नाही. तिथेच माणूस फसतो."

तिथेच फसलो, मंडळी.

रियासत गेली, मध्य भारत राज्य झालं, आता तेही मोडलं. कचेरीत मापाचा नवा गज आला. या हॉलमागे जी उंच गोल टाकी आहे ना, तिचे लोखंडी खांब नव्या मापाने तयार होऊन आले. आणि मी? गवंड्यांच्या हाती वडिलांचा जुना गज दिला. दरबारच्या वेळचा, नव्यापेक्षा चार बोटं लांब. खामखा मिजास! चार बोटांनी काय होतं, म्हणाल? टाकीचा घेर दोन्ही अंगांनी वाढला, उंचीही वाढली. पाणी सव्वापट. खांब मात्र लहान टाकीच्या वजनाला बेतलेले; पूर्ण भरली तर वाकणार.

चूक नानांनी धरली. माझं नाव कागदावर घेतलं नाही, अहो! "टाकी पूर्ण भरू नका," एवढंच लिहिलं. फाइल नव्या राजधानीच्या वाटेवर कुठे अडकली, देव जाणे. तोवर नाना रोज सकाळी स्वतः जाऊन अर्धी टाकी पाणी सोडून देत. लोक म्हणायचे, म्हातारा सनकला. मी ऐकायचो. गप्प बसायचो. लाज वाटते मला.

गुरुवारी रात्री नाना गेले. आज रविवार. तीन सकाळी गेल्या, पाणी कुणी सोडलेलं नाही. पाणी सोडायच्या झडपेची चावी सापडत नव्हती. नानांच्या घरच्या काकूंनी आत्ता या दारात माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दत्तूलाच द्या म्हणाले होते. त्याला ठाऊक आहे."

ऐका जरा. पाइपाचा आवाज येतोय ना? भरतेय ती. आणि खालच्या घरांत चुली पेटल्यात, पोरं खेळताहेत.

उठा मंडळी. नानांसाठी शांतता पाळायची ती चालता चालता पाळू. तुम्ही घरं रिकामी करा, बायकापोरांना लांब न्या. चावी टाकीच्या थेट खाली फिरते. तिथे माझ्यामागे कुणी यायचं नाही.

नाना, चूक माझी होती. नमस्कार करतो.